रोवण्याचे तीन दिवस

"म्हणजे तुमचे पती त्या दिवशी गाडीत फुकट बसले होते?"

विमा कंपनीच्या वकिलांनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी मान खाली घालून फाइल चाळत होते. उत्तर मला माहीत होतं. "हो, शेजारी म्हणून नेलं," एवढंच माझी अशील कुंदाबाई म्हणणार होती आणि आम्ही पुढच्या प्रश्नाकडे जाणार होतो. यावर माझं आणि तिचं दोनदा बोलणं झालं होतं.

पिंजऱ्यातून खणखणीत आवाज आला. "फुकट कायले बसतीन? आमच्या घरचा मानूस कोनाच्या गाडीत फुकट नाही बसत. त्याच्या बदल्यात आमी तीन दिवस रोवणा केला त्याईच्या बांधीत."

मी मान वर केली. समोर भाऊसाहेब, म्हणजे कंपनीचे वकील, चष्मा पुसत होते. बार रूममध्ये सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणतात. वीस वर्षं आम्ही एकमेकांविरुद्ध उभे राहतोय आणि एकमेकांच्या डब्यातलं खातोय. हवं ते हाती लागलं की ते चष्मा पुसतात, हे मला पाठ झालं आहे.

न्यायाधीश सांगलीकडचे, बदली होऊन वर्ष झालेलं. त्यांनी विचारलं, "रोवणा म्हणजे?"

"भाताची लावणी, साहेब," भाऊसाहेब तत्परतेने म्हणाले. "आणि बांधी म्हणजे भाताचं शेत." मग कुंदाबाईकडे वळून, "म्हणजे बाई, गाडीत नेण्याचा मोबदला तुम्ही मजुरीने फेडला. बरोबर?"

"बरोबर," कुंदाबाई म्हणाली. वर ताठ मानेने माझ्याकडे पाहिलं, जणू शिकवलेला धडा तिने न चुकता म्हणून दाखवला होता.

"झाली माझी उलटतपासणी," भाऊसाहेब म्हणाले. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि जेवणाची सुट्टी दिली.

या एका उत्तराने काय बिघडलं ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

कुंदाबाई सानगडीजवळच्या एका खेड्यातली. दीड एकर धान, एक मुलगी, नवरा हेमराज. मुलगी प्रज्ञा बारावी झाली आणि भंडाऱ्याच्या नर्सिंग कॉलेजात तिचा नंबर लागला. जुलै नुकताच लागला होता. प्रज्ञा आधीच होस्टेलवर आली होती, पण जातीच्या दाखल्याची मूळ प्रत घरी राहिली होती आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत हवी होती. शेजारच्या गोवर्धनकडे जुनी चारचाकी होती. भंडाऱ्यात त्याचं स्वतःचं काडीचं काम नव्हतं. तरी तो हेमराजला घेऊन सकाळी निघाला. लाखनीच्या अलीकडे एक ट्रॅक्टर आडवा आला. त्याला चुकवताना गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. गोवर्धनचा पाय मोडला. हेमराज जागेवर गेला.

दोन महिन्यांनी कुंदाबाई माझ्या ऑफिसात आली. तिला घेऊन आला होता गोवर्धन. कुबड्या घेऊन, जिना चढताना धापा टाकत.

"जय भीम, म्याडम," ती म्हणाली आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं, "गोवर्धनभाऊवर केस करायची नाही. बाकी काय करता येते ते सांगा."

ज्याच्यामुळे माणूस गेला तोच बाईला वकिलाकडे घेऊन येतो, असं माझ्या तीस वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. मी दोघांनाही समोर बसवलं आणि जे सगळ्यांना सांगते तेच सांगितलं.

अपघातात माणूस गेला की दोन वेगळ्या गोष्टी सुरू होतात, आणि लोक त्या एकच समजतात. पहिली फौजदारी. ती पोलीस करतात, सरकारच्या नावाने. निष्काळजीपणे गाडी चालवून मृत्यूला कारण झाल्याची. ती कुंदाबाईने नको म्हटलं तरी थांबणार नव्हती; गोवर्धनला तोवर जामीनही झाला होता. दुसरी गोष्ट नुकसानभरपाईची. ती घरच्यांनी मागायची, मोटार अपघात न्यायाधिकरणात, म्हणजे आमच्याच जिल्हा कोर्टात. वेळ मात्र फार नसतो, सहा महिन्यांच्या आत अर्ज पडलेला बरा.

त्यातही दोन वाटा. एक वाट अशी की चूक कोणाची हे सिद्धच करायचं नाही. कायद्याने ठरवून दिलेली ठोक रक्कम घ्यायची आणि विषय संपवायचा. लवकर होतं, पण ते घेतलं की पुढचं दार बंद. दुसरी वाट लांबची. चालकाची चूक दाखवायची, गेलेल्याचं वय काय, कमाई काय, मागे कोण कोण त्याच्यावर अवलंबून, हे सगळं मांडायचं, आणि त्यावरून कोर्ट रक्कम ठरवतं. गाडी पळून गेली असती तर तिसरंच काही, कामावर असताना गेला असता तर आणखी चौथं. ते आम्हाला लागू नव्हतं.

"हेमराजचं वय?" मी विचारलं.

"एकेचाळीस."

मी म्हटलं, लांबची वाट धरू. मुलीचं शिक्षण अजून पुढे आहे. कुंदाबाई गोवर्धनकडे बघत राहिली. लांबच्या वाटेवर अर्जात लिहावं लागतं की वाहनचालकाने भरधाव आणि निष्काळजीपणे गाडी चालवली. हे ती बोलायला तयार नव्हती.

गोवर्धनच म्हणाला, "लिहा म्याडम. ट्रॅक्टर दिसला होता मले. ब्रेक उशिरा मारला. चूक माझीच होय."

मग मी ते वाक्य बोलले, जे साक्षीच्या दिवशी पिंजऱ्यासमोर बसल्यावर मला आठवलं. मी कुंदाबाईला म्हणाले होते, "कागदावर गोवर्धनचं नाव येईल, कारण गाडी त्याची आहे. पण त्याच्या गाडीचा विमा पूर्ण आहे, नुसता थर्ड पार्टी नाही. गाडीत बसलेला माणूसही त्यात येतो. पैसे कंपनी देईल. गोवर्धनला एक रुपया द्यावा लागणार नाही. हा माझा शब्द."

वकिलाने शब्द देऊ नये. मी ज्युनियर लोकांना हे रोज सांगते.

आता अडचण सांगते. खासगी गाडीचा विमा खासगी वापरासाठी असतो. ती भाड्याने चालवली, म्हणजे मोबदला घेऊन माणूस बसवला, तर विम्याची अट मोडली. अट मोडली की कंपनी हात वर करते. कोर्टाने फार तर कंपनीला सांगायचं, आधी तुम्ही भरा आणि मग गाडीमालकाकडून वसूल करा. दोन्हीत शेवटी मरतो गाडीमालक. म्हणजे गोवर्धनची तीन एकर बांधी. आणि ती विकायला लावणारी कोण, तर कुंदाबाई, शेजारच्या भिंतीपलीकडची.

कंपनीने पहिल्याच जबाबात लिहिलं होतं की गाडी भाड्याने नेली होती. ते असं सगळ्याच केसेसमध्ये लिहितात, म्हणून मी फार लक्ष दिलं नव्हतं. दोन्ही वेळा मी कुंदाबाईला एवढंच विचारलं होतं, "तुम्ही गोवर्धनला पैसे दिले होते का? डिझेल टाकून दिलं होतं का?" ती म्हणाली, नाही. आणि ते खरं होतं. मी प्रश्न पैशाचा विचारला, तिने उत्तर पैशाचं दिलं. मी विणकरांच्या घरातली, भंडारा शहरात वाढलेली. कामाच्या बदल्यात काम, हे माझ्या प्रश्नांच्या यादीतच नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मला कुंदाबाईशी बोलता येईना. साक्ष सुरू असताना साक्षीदाराला वकिलाने काही शिकवायचं नसतं. मी इतकी चिडले होते की बोलले असते तर ते शिकवणं नसतं, ओरडणंच झालं असतं. एवढं समजावून सांगितलं, एवढी कागदपत्रं जमवली, आणि ही बाई कशासाठी ताठ मान करून सांगते, तर आम्ही फुकटे नाही म्हणून. तिला कोणी फुकटी म्हटलं होतं का? विचारण्याची पद्धत होती ती भाऊसाहेबांची. सगळ्यांना तसंच विचारतात.

ती व्हरांड्यात बाकावर बसून डब्यातली भाजीभाकर खात होती. शेजारी प्रज्ञा. नर्सिंगचं दुसरं वर्ष, कडक इस्त्रीचा गणवेश, सुट्टी मिळाली नव्हती म्हणून थेट हॉस्पिटलमधून आलेली. मी लांबच उभी राहिले.

गोवर्धन काठी टेकत माझ्याकडे आला. "म्याडम, बिघडलं काय?"

"तू बोलू नकोस माझ्याशी," मी म्हणाले. "कागदावर तू विरुद्ध पक्ष आहेस."

"थे आहोच. पन वहिनी बोलली थे खरं हाय. माझी साक्ष झाली तं मीबी तसंच सांगन."

"सांग. आणि शेत विकायची तयारी ठेव."

तो काठीवर भार टाकत म्हणाला, "खोटं सांगा म्हनता काय मंग?"

मी काय म्हणणार होते? खोटं सांग, असं मी कोणालाच कधी सांगितलेलं नाही. पण त्या वेळी, खरं सांगते, तसं सांगावं असं मनात येऊन गेलं. मी त्याला जायला सांगितलं आणि बार रूममध्ये येऊन कपाळाला हात लावून बसले. भाऊसाहेबांनी डबा पुढे केला. वांग्याची भाजी होती. मी घेतली नाही.

"लागलं ना?" ते म्हणाले. "मला वाटलं नव्हतं हो. मी सवयीने विचारलं."

माझ्या हातात आता फेरतपासणी उरली होती. उलटतपासणीत काही गोंधळ झाला असेल तर आपल्या साक्षीदाराला तेवढ्यापुरते दोन प्रश्न विचारायची मुभा असते. उत्तर तोंडात घालता येत नाही. नवीन विषय काढता येत नाही. आणि या कामाचा पहिला नियम, ज्याचं उत्तर माहीत नाही तो प्रश्न विचारायचा नाही.

मी कागदावर तारखा मांडल्या. अपघात जुलै लागता लागता. रोवणा कधी होतो? चांगला पाऊस होऊन बांधीत पाणी साचल्यावर, आधी टाकलेले पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, तयार झाल्यावर. म्हणजे जुलैच्या मध्यानंतर, ऑगस्टपर्यंत. अपघाताच्या आधी त्या वर्षीचा रोवणा झालेलाच नसणार. मग हे तीन दिवस आदल्या वर्षीचे. आणि आदल्या वर्षी केलेलं काम पुढच्या वर्षीच्या फेरीचं भाडं कसं होईल? तेव्हा तर प्रज्ञा नुकतीच बारावीत गेली होती. मला एकदम भूक लागली. मी भाऊसाहेबांच्या डब्यातलं वांगं उचललं.

अडीचला मी उभी राहिले. "कुंदाबाई, तुम्ही जो रोवणा सांगितला, तो कोणत्या वर्षीचा?"

"त्याच वर्षीचा," ती म्हणाली.

मला वाटलं तिला प्रश्न कळला नाही. "नीट आठवून सांगा. ज्या वर्षी हेमराज गेले, त्याच्या आदल्या वर्षी ना?" भाऊसाहेबांनी हात वर केला, कारण मी उत्तर तोंडात घालत होते, आणि ते बरोबर होतं. मी प्रश्न मागे घेतला.

"त्याच वर्षी," कुंदाबाई पुन्हा म्हणाली. "प्रज्ञाचे बाबा गेले, त्याच्यानंतर."

टायपिस्टचा हात थांबला. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"नंतर?" त्यांनी स्वतःच विचारलं. कोर्टाला कधीही, काहीही विचारता येतं. "तुमचे पती वारल्यानंतर तुम्ही त्या गाडीवाल्याच्या शेतात लावणी केली?"

"हो. वीसेक दिवस झाले असतीन. मी अन् पोरगी, दोघी. तीन दिवस."

"त्यांनी बोलावलं?"

"नाही जी. गोवर्धनभाऊ तं नागपूरले दवाखान्यात होते, पायात सळई टाकून. त्याईच्या बायकोनं मले बांधीत पाहिलं अन् रडाले लागली. म्हने, तू काहून आली, घरी जा. मी नाही गेली."

"मग का केलीत लावणी?"

पहिल्यांदाच कुंदाबाईची मान खाली गेली होती. मग ती सावकाश बोलली. "साहेब, आमचे आजसासरे गावच्या मालकाच्या, मालगुजाराच्या बांधीत फुकट राबत होते. दीक्षा घेतली तेव्हा त्याईनं घरात सांगून ठेवलं, आता कोनासाठी फुकट राबाचं नाही अन् कोनाचं फुकट घ्याचं नाही. प्रज्ञाचे बाबा असते तं त्याईनं स्वतःच केला असता रोवणा. निघताना म्हनून गेले होते, गोवर्धनले दोन-तीन दिवस द्यावे लागतीन. ते आले नाही परत. मंग त्याईच्या नावावर कोनाच्या गाडीत फुकट बसनं राहू द्याचं काय?"

माझी फेरतपासणी संपली, असं सांगून मी खाली बसले.

साहेबांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. "आणखी काही विचारायचं?"

भाऊसाहेब अर्धवट उठले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. "नाही साहेब," म्हणाले आणि बसले.

मग साहेबांनी टायपिस्टला सगळं उत्तर मराठीतच घ्यायला सांगितलं, तिच्याच शब्दांत. रोवणा, बांधी, सगळं.

गोवर्धनची साक्ष पुढच्या तारखेला झाली. भाऊसाहेबांनी विचारलं, तुमच्या दोन घरांत हे कामाचं देणंघेणं नेहमीचं का? तो म्हणाला, त्याच्या घरावर पत्रे चढवायला हेमराज आठ दिवस होता. हेमराजच्या आईला दवाखान्यात कितीदा नेलं हे त्याला आठवत नाही. कशाच्या बदल्यात काय, हे कधी ठरवलं होतं का? "आमालेच नाही माहीत, कोन्तं कायचं होय," तो म्हणाला. भाऊसाहेबांनी युक्तिवाद केला, करायला हवा तसाच, अट मोडली म्हणून. मी म्हटलं, भाडं म्हणजे आधी ठरलेलं, मागता येणारं देणं. इथे ठरलं नव्हतं, कोणी मागितलं नव्हतं, आणि बसणारा माणूसच उरला नव्हता.

चार महिन्यांनी निकाल लागला. गाडी भाड्याने दिली होती हे कंपनी सिद्ध करू शकली नाही, विम्याची अट मोडली नाही, पूर्ण रक्कम कंपनीने व्याजासह भरावी, मोठा हिस्सा मुलीच्या नावावर मुदतठेवीत ठेवावा. गोवर्धनवर वसुली नाही. फौजदारी केस मात्र तशीच आहे, तिच्या तारखा पडताहेत.

कुंदाबाईला मी ऑफिसात बोलावलं. निकाल इंग्रजीत होता, म्हणून मराठीत वाचून दाखवत होते. मी खुशीत होते, भरभर वाचत होते. वाचता वाचता मुख्य वाक्य आलं, ज्याच्यावर सगळा निकाल उभा होता. "सबब, मृत हेमराज हा सदर वाहनातून विनामोबदला प्रवास करत होता, असं सिद्ध होतं."

"विनामोबदला म्हंजे?"

मी पानावरच बघत राहिले. दुसरा शब्द शोधला. सापडला नाही. "फुकट," मी म्हणाले.

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

"पन मी तं सांगतलं होतं ना कोर्टात. साहेबाईनं लिहूनबी घेतलं."

"लिहून घेतलं. त्यावरूनच तर जिंकलो. पण कोर्टाने म्हटलं, तो रोवणा गाडीचा मोबदला नव्हता."

"मंग कशाचा होता?"

याचं उत्तर निकालात नव्हतं, सगळी पानं मी दोनदा वाचली होती.

"ते एवढं खोडता येते काय, म्याडम?"

मी तिला सांगितलं. अपील करता येईल. पण ते वाक्य खोडलं की कंपनी सुटते, आणि मग ही रक्कम गोवर्धनवर येते. तिने ऐकून घेतलं. पदराने तोंड पुसलं.

"गोवर्धनभाऊले काही नाही होत ना, हे असं राहिलं तं?"

"काही नाही."

"मंग राहू द्या." ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. "पन हे पान प्रज्ञाले नोका दाखवू. तिनं पन केला होता रोवणा माझ्यासंग. तीन दिवस."

त्यानंतर मी अशिलाला 'पैसे दिले का' असं विचारत नाही. गाडीत बसण्याआधी आणि बसल्यानंतर तुमच्या दोन घरांत काय काय झालं ते सगळं सांगा म्हणते, आणि मध्ये बोलत नाही. वेळ जातो, पण उत्तर कोर्टात पहिल्यांदा ऐकायची पाळी येत नाही. बँकेला निकालातलं फक्त शेवटचं, आदेशाचं पान लागतं. कुंदाबाईला मी तेवढ्याच पानाची प्रत काढून दिली. बाकीची पानं माझ्या कपाटात आहेत.